मदत हवी आहे : डॅनिश विहीणबाईंना नमस्कार कसा करावा?

ओसरी : पुढच्या महिन्यात आम्ही दोघं लेकीच्या सासरी, डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला जातोय. व्याही-विहीण सत्तरीचे. भेटल्यावर काय म्हणायचं? पुस्तकात 'गोद्दाग' दिलंय. अहो-जाहो कसं करतात? वाकून नमस्कार चालेल?

चकोरी : 'गोद्दाग' जरा ठेवणीतलं, शिवाय शेवटचा ग उच्चारतच नाहीत. 'गोदे'च्या जवळपास म्हणा आणि शेवटी गळा क्षणभर आवळा. हा झटका डॅनिशमध्ये महत्त्वाचा. 'ती' म्हणजे 'हुन' आणि कुत्राही 'हुन'. फरक तेवढ्या झटक्याचा. विहीणबाईंबद्दल बोलताना जपून!

सोपा मार्ग : 'हाय'. लिहिलेलं 'हेज'सारखं दिसतं, फसू नका. सकाळ-संध्याकाळ, लहान-थोर, सगळ्यांना चालतं. निघताना तेच दोनदा, 'हाय हाय'. आपल्याकडे मोर्चात देतात ती घोषणा नव्हे.

नारळीपाक : आदरार्थी 'दी' आहे, पण 1970 च्या दशकापासून जवळपास गेलंच. राजाशी बोलताना वापरतात. व्याह्यांना 'दी' म्हणालात तर मान दिल्यासारखं नाही, अंतर ठेवल्यासारखं वाटेल. सरळ 'दू' आणि पहिलं नाव. आपल्याला जड जातं, पण तिथे तीच रीत.

वाकू नका, गोंधळतील. हात मिळवायचा : नजरेला नजर, थोडक्यात, घट्ट, आणि आपलं नाव सांगायचं. खोलीत दहा माणसं असली तर दहाही जणांशी, पोरांशीसुद्धा. लांबून एकच सामुदायिक नमस्कार केला तर तुटक वाटतो. मिठीची सुरुवात त्यांना करू द्या.

ओसरी : आणि 'धन्यवाद'? तो 'टाक' ना?

चकोरी : त्यातला त 'चमचा'तल्या च सारखा, पण श्वास सोडून, 'त्साग' असं ऐकू येतं. हा शब्द सतत लागेल, कारण 'प्लीज'ला वेगळा शब्दच नाही. जेवून उठताना 'त्साग फॉ मॅद' (द अगदी मऊ, जीभ खालच्या दातांमागे, नवख्याला ल ऐकू येतो). यजमान 'वेलबेकॉमे' म्हणतील. दुसऱ्यांदा भेटलात की आधी 'त्साग फॉ सिस्त', म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार. हे पाहुणा विसरला तर जुन्या पिढीला खटकतं.

नारळीपाक : नातवंडं असतील तर त्यांच्यासाठी तुम्ही 'मोर्मोर', आईची आई; विहीणबाई 'फार्मोर'. आत्या-मावशीलाही वेगवेगळे शब्द आहेत, 'फास्तर' आणि 'मोस्तर'. फक्त शेजारणीला 'मोस्तर' म्हणू नका, ही नाती रक्ताचीच.