मदत हवी आहे : साखर उंबरठ्यावर आली आहे, तिसऱ्या आठवड्यानंतरही टिकेल असं काय करू?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर समजून घ्या.

माझं वय ४४. काम दिवसभर संगणकासमोर बसून. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ टक्के आलं, उपाशीपोटी साखर ११२. बीपी दोन वेगळ्या दिवशी मोजलं, एकदा १३४/८६, एकदा १३२/८४. वजन ७४ किलो, उंची १५८ सेंटीमीटर. डॉक्टरांनी सांगितलं की एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाची पूर्वावस्था आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. गोळी लगेच नको म्हणाले. खाणं सांभाळा, व्यायाम करा, तीन महिन्यांनी परत तपासू. बाहेर रांग होती, त्यामुळे फार विचारता आलं नाही.

मला याची भीती का वाटते ते सांगते. माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह आहे. तिच्या तळपायांना आता स्पर्श कळत नाही. म्हणून रोज रात्री मी तिचे पाय बघते. टाचेखाली छोटा आरसा धरायचा, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारायचा, कुठे लालसर दिसतंय का, ओल आहे का ते बघायचं. दोन वर्षांपूर्वी चपलेत अडकलेला बारीक खडा तिला दिवसभर जाणवला नव्हता. ती जखम भरायला पाच महिने लागले आणि एक बोट गेलं. रिपोर्टवर ६.१ वाचलं तेव्हा मला तो आरसाच डोळ्यांसमोर आला.

काय करायला हवं हे मला माहीत आहे, आणि अडचण तिथे नाहीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळं, मीठ ५ ग्रॅमच्या आत, वरून घातलेली साखर होईल तितकी कमी. हे सगळं वाचून झालंय. पण यंदाच्या वर्षात मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सुटलं. एकदा पहाटे पाचला उठून तासभर चालायचं ठरवलं. आईला रात्री दोनदा उठवावं लागतं, झोप पाच तासांवर आली आणि पंधराव्या दिवशी गजर बंद केला. एकदा रात्रीचं जेवण बंद केलं. तिसऱ्यांदा जिमला नाव घातलं, तिथे पायऱ्या चढायच्या यंत्रावर उजवा गुडघा धरला.

नीट बघितलं तर माझा दिवस संध्याकाळी साडेसहा ते नऊ या वेळात घसरतो. दुपारी एक वाजता जेवलेली असते. घरात पाय टाकला की खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. उभ्या उभ्याच खाते, किती खाल्ली ते कळत नाही. मग मुलांचा अभ्यास, आईचं इन्शुलिन, स्वयंपाक. नऊला जेवते तेव्हा भूक नसते, पण पानभर जेवते.

तर माझं विचारणं एवढंच आहे. ज्यांनी वर्ष-दोन वर्षं खरोखर निभावलंय, त्यांनी सुरुवात कशापासून केली? खाणं आणि व्यायाम एकदम धरायचं की एकेक? दुखऱ्या गुडघ्याने काय करता येईल? आणि घरात चार जणांच्या चार तऱ्हा असताना स्वयंपाक एकच कसा ठेवायचा? चूर्णं, काढे, एका आठवड्यात साखर गायब करणारे उपाय कृपया सुचवू नका. आईच्या बाबतीत ते सगळं करून झालं आहे, आणि त्यात गेलेला वेळ परत आला नाही.

प्रतिसाद १

ताई, जेवण झालं की दहा मिनिटं चाला. तिन्ही जेवणांनंतर जमलं तर उत्तम, नाहीतर फक्त रात्रीच्या. स्नायू आकसतात तेव्हा रक्तातली साखर ते थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्शुलिनवर अवलंबून राहत नाहीत. जेवणानंतर साखर चढायला लागते तेव्हाच चाललं तर फरक लगेच दिसतो. मी ग्लुकोमीटरवर स्वतः बघितलंय. वेगळे कपडे नकोत की वेगळा तास नको.

प्रतिसाद २

तुमची हकिकत वाचून गलबललं. माझे वडीलही याच वाटेने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही तीनदा सुरुवात केलीत त्यात जिद्द कमी पडली असं मला वाटत नाही. दर वेळी भार फार मोठा उचललात. सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात, ते खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला होता, २०१० साली तो छापून आला. एखादी छोटी कृती आपोआप व्हायला लागायला रांगेतल्या बरोबर मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात जड वाटणं हे अगदी स्वाभाविक आहे, तेव्हा सवय अजून पुरती लागलेली नसते. त्याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट मला फार धीर देऊन गेली : एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसं बिघडत नाही. मी पूर्वी एक दिवस चुकला की आठवडाच सोडून द्यायचे.

मी सुरुवात केली ती फक्त संध्याकाळच्या खाण्यापासून. पाच वाजता कामाच्या जागीच मूठभर सुकामेवा आणि एक फळ. भूक घरी न्यायचीच नाही. डबा वरच्या फळीवर, अपारदर्शक. दोन महिने दुसरं काही बदललं नाही. आज तीन वर्षं झाली.

धागालेखिका

प्रतिसाद २, तुमचं "भूक घरी न्यायचीच नाही" मनाला लागलं. दुपारी एक ते संध्याकाळी साडेसहा म्हणजे साडेपाच तास होतात, हे मी कधी मोजलंच नव्हतं. मी डब्याला दोष देत होते.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा आधी प्रत्यक्ष दाखवून घ्या, विशेषतः सूज असेल, अडकत असेल किंवा पाय मध्येच सोडून देत असेल तर. तसं काही नसेल तर बहुतेकदा मांडीच्या पुढच्या स्नायूंत ताकद कमी असते आणि भार सगळा सांध्यावर येतो. अशा वेळी विश्रांती घेत बसलात तर स्नायू आणखी अशक्त होतो.

घरी करायचं ते सांगतो. न हलणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीशी. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका आणि उठा. बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसा, धपकन नको. खरं काम त्या सावकाश बसण्यात होतं. दुखत असेल तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवा, उंची वाढली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. आठ वेळा, थोडं थांबून परत आठ. आठवड्यातून तीन दिवस पुरे. सोबत भिंतीला हात टेकवून दंड काढल्यासारखे ढकलणे, तेही तेवढंच.

ताकदीच्या व्यायामाला लोक दुय्यम समजतात, मला ते पटत नाही. जेवणातली साखर साठवण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. वय वाढतं तसा स्नायू घटतो, म्हणजे ही जागाही घटते.

चालण्याचा वेग कसा ओळखायचा? बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम वेग. घड्याळ लागत नाही. चालताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर मात्र थांबून लगेच डॉक्टरांना गाठायचं.

प्रतिसाद ४

रात्रीचं जेवण पूर्ण बंद करणं हा उत्तम उपाय आहे, तुम्ही तो सोडायला नको होता. मी सात महिने करतोय, अकरा किलो उतरलो.

प्रतिसाद २

तुम्हाला मानवलं याचा आनंद आहे, पण यांच्या घरात रात्री दोनदा उठावं लागतं आणि आई इन्शुलिनवर आहे. सगळ्यांनी एकत्र जेवायची वेळ तीच. जे घरात बसत नाही ते टिकणार नाही. आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली जाते. वाचणाऱ्या कुणाचा गैरसमज नको म्हणून लिहिते.

प्रतिसाद ५

एक गोष्ट इथे यायलाच हवी. तुमच्यासारख्याच लोकांवर, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेह झालेला नाही अशांवर, अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ३,२३४ माणसं होती, निष्कर्ष २००२ मध्ये आले. सुमारे तीन वर्षांत आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. त्याच्या आदल्याच वर्षी फिनलंडच्या अशाच चाचणीतही ५८ टक्केच आले होते. लक्ष्य काय होतं? वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. तुमच्या ७४ किलोंत ते साधारण पाच किलो होतात. एवढंच. पुढे काही वर्षांत पुष्कळांचं वजन थोडं परत आलं, तरी दहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही त्या गटात मधुमेह कमीच होता.

पण आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या लोकांना कागद देऊन घरी पाठवलं नव्हतं. पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येकाला १६ वेळा समोर बसवून शिकवलं, काय अडलं ते विचारलं, पुढेही भेटी चालू राहिल्या. तुम्हाला "खाणं सांभाळा" एवढ्या दोन शब्दांवर सोडलं गेलं. तेव्हा आधी विचारणारं माणूस शोधा. आहारतज्ज्ञ परवडत असेल तर फारच छान, नाहीतर मैत्रीण, नवरा, शेजारीण. दर रविवारी तिने एकच प्रश्न विचारायचा : या आठवड्यात कुठे अडलं?

स्वयंपाक एकच ठेवा. पथ्याचं वेगळं पातेलं चढवायला लागलात की महिन्याभरात दमाल. सगळ्यांसाठी तेच, फक्त पानाची मांडणी बदला. अर्धं पान भाज्या, पाव पान डाळ-उसळ-अंडी-मासे यांपैकी काही, उरलेल्या पावात धान्य, तेही शक्यतो अख्खं. भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन धान्य शेवटी खाल्लं तर साखर कमी उसळते. गोड पेय घरात आणूच नका, साध्या ३३० मिलीलीटर कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते आणि मुलांनाही ती नकोच. रसापेक्षा अख्खं फळ. मीठ मात्र हळूहळू कमी करा, जीभ काही आठवड्यांत रुळते. तुमच्या बीपीला त्याचा थेट उपयोग आहे.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून मुद्दाम आज लिहायला बसले.

पाच वाजता कामावरच खाते. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरले, त्या दोन्ही दिवशी घरी येऊन डबा उघडला. बाकी दिवशी उघडला नाही. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं चालते, धाकटी लेक बरोबर येते आणि शाळेतलं सगळं तेव्हाच सांगते. जेवायला बसले की ती आधी विचारते, "आई, आज जायचं ना?" विचारणारं माणूस घरातच निघालं. खुर्चीवरचं उठणं-बसणं उशी ठेवून सुरू केलंय. पहिले चार दिवस मांड्या भरून आल्या, गुडघा मात्र कुरकुरला नाही. मध्ये आईला ताप होता, तेव्हा तीन दिवस सगळं बंद. चौथ्या दिवशी परत लागले. पूर्वी असं कधी झालं नव्हतं.

वजन ७३.२. एचबीए१सी आत्ताच परत करून बघू का?

दुसरं म्हणजे, आईनेच परवा विचारलं की मी येऊ का तुमच्याबरोबर. इतक्या महिन्यांत तिने आपणहून बाहेर पडायचं नाव काढलं नव्हतं. नेऊ का?

प्रतिसाद ५

आत्ता नको. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी दाखवतं. तीन आठवड्यांत बघाल तर बरीचशी जुनीच साखर दिसेल आणि उगाच हिरमोड होईल. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच करा. बीपी मात्र घरी मोजत राहा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या उंचीवर.

प्रतिसाद ३

जरूर न्या, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून. पायावर उघडी जखम नको. बंद, रुंद, आत शिवण न टोचणारे बूट आणि शिवणीशिवायचे मोजे. घालण्याआधी दर वेळी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवून बघा, त्यांना खडा कळणार नाही. निघण्यापूर्वी साखर मोजा, किती असेल तर निघायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवाच. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, उजेडात, सपाट जागी, हात धरून. दमल्या तर बसायला मध्ये जागा असू द्या.

धागालेखिका

उद्याच फोन करते. बूट लेकीला सोबत घेऊन आणेन, आजीच्या पावलाचं माप तिने आत्ताच कागदावर काढून ठेवलंय.