१९९५ साल: गणपती दूध प्यायला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

सायली_ठाणे
काल भाचा जेवता जेवता विचारतो, "मावशी, गणपती दूध प्यायला होता म्हणे. तो एआय व्हिडिओ होता ना?" म्हटलं, बाळा, तेव्हा आख्ख्या चाळीत दोन फोन होते, एआय कुठलं! तरी २१ सप्टेंबर १९९५ ला पहाटे दिल्लीत उठलेली 'मूर्ती दूध पितेय' ही आवई दुपारची जेवणं व्हायच्या आत आमच्या जिन्यात पोचली होती. गुरुवार होता. खालच्या मजल्यावरच्या काकू वाटी-चमचा घेऊन पळाल्या, मागून त्यांची सून, तिच्यामागे आम्ही पोरं. आजी तेवढी जागची हलली नाही. "पितृपंधरवडा चालू आहे, बाप्पा कशाला येईल आत्ता जेवायला?" हा तिचा मुद्दा!
मग रात्रभर ते सगळं वर्षच डोक्यात. युतीचं सरकार, पहिला मोबाईल, इंटरनेट, दिवाळीतलं ग्रहण... लिहा आपापलं.

चिंचपोकळीचा_चंदू
रांगेत होतो. माझा नंबर येईस्तोवर बाप्पाचं पोट भरलेलं. पुजारी म्हणाला आता संध्याकाळी या.

वैद्यबाई
हाहाहा चंदू

फिजिक्सवाला_सर
मी तेव्हा नुकता ज्युनियर कॉलेजात लागलो होतो. तास सोडून पोरं देवळात, म्हणून देऊळच तासाला आणलं. टेबलावर काचेचा पेपरवेट, चमचा दुधाने काठोकाठ भरून नुसता टेकवला. पेपरवेट प्यायला! पृष्ठताण दुधाला चमच्याबाहेर ओढतो आणि ते पातळ थराने खाली वाहतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा ओघळ दिसणार कसा? दुधात कुंकू कालवल्यावर सगळा ओघळ दिसला. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही रंग घालूनच दाखवलं होतं. अंनिसवाल्यांनी (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) तर गावोगाव प्रयोग केले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, पेपरवेट पण श्रद्धाळू असेल."

परदेशस्थ_पमी
लंडनला होते. साऊथॉलच्या देवळाबाहेर ही रांग! आईला भारतात फोन लावला तर ती म्हणे "आमच्याकडे थांबला पिणं, तुमच्याकडे चालू आहे का अजून?" मॅचचा स्कोअर विचारावा तसं.

जिल्हापरिषद_गुरुजी
दूध राहू द्या, मी तांदळाचं सांगतो. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. आमच्याकडे (तेव्हाचा धुळे जिल्हा, सातपुड्याच्या कुशीत) धान्य यायला बराच काळ गेला. शिजवून द्यायचं नंतर आलं, आधी कोरडा तांदूळच. महिन्याला तीन किलो, हजेरी ऐंशी टक्के असेल तर. वाटपाच्या दिवशी पोरी ओढणीत बांधून न्यायच्या. एकीची हजेरी थोडक्यात कमी भरली, घरी बाळाला सांभाळायला राहायची ती. तिची आई वर्गाच्या दारात उभी. काही बोलली नाही, नुसती पोत्याकडे बघत होती. मी हजेरीपटाचं काय केलं ते इथे लिहीत नाही.

सायली_ठाणे
गुरुजी __/\__

वैद्यबाई
नका लिहू गुरुजी, कळलं.

एसटीडी_पीसीओ
माझा बूथ होता नाशकात. रात्री ११ नंतर लांबच्या फोनला पाव दर, म्हणून खरी गर्दी तेव्हा. गणपतीच्या दिवशी मात्र लोक फुल रेट देऊन भर दुपारी "तुमच्याकडे प्यायला का?" विचारत होते. अफवेवर धंदा झाला, खोटं कशाला बोलू.
पण ऑगस्टमधली ती सकाळ नको वाटते. फिरोजाबादला नीलगाईला धडकून थांबलेल्या कालिंदी एक्स्प्रेसवर मागून पुरुषोत्तम आदळली, तीनशेच्या वर माणसं गेली. एक बाई दिल्लीचा नंबर लावत बसल्या होत्या, मुलगा त्या बाजूला निघालेला. दुपारी लागला फोन. मुलगा दुसऱ्याच गाडीत होता. पैसे न देताच गेल्या आणि संध्याकाळी पेढे घेऊन आल्या.

बिल्डरचा_पुतण्या
काकांकडे मोबाईल आला त्याच सुमारास. ३१ जुलैला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला कॉल केला ना, त्यानंतर मुंबईत पण सुरू झाले. विटेएवढा फोन, आणि इनकमिंगला पण पैसे! काका वाजला की नंबर बघून कट करायचे आणि समोरच्या टपरीवरच्या पिवळ्या डब्यातून रुपया टाकून उलट फोन करायचे 😂

अंजनवेलकर
आमच्या गुहागराकडे वेगळीच धामधूम. प्रचारात 'एन्रॉन (दाभोळचा वीज प्रकल्प) समुद्रात बुडवू', १४ मार्चला शिवाजी पार्कवर मुख्यमंत्री म्हणून मनोहर जोशींचा शपथविधी, ऑगस्टात प्रकल्प रद्द, आणि मग परत वाटाघाटी. समुद्र हाय तिथंच हाय.

चिंचपोकळीचा_चंदू
राजकारण नको रे. झुणका भाकर बोला. एक रुपयात!

अंजनवेलकर
युती सरकारचीच योजना ती, झुणका भाकर राजकारण नाय तर काय? :)

वैद्यबाई
आमच्या हॉस्टेलसमोर केंद्र होतं. भाकरी आकाराने रोज आकसत गेली. पण महिनाअखेरीला तीच होती. पुढे त्या टपऱ्यांवर वडापाव नि चायनीज आलं.

पुणेरी_पगडी
कुणी ग्रहणावर का लिहीना? २४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही मित्र दिवाळी सोडून फत्तेपूर सिक्रीला गेलो होतो. घरचे महिनाभर बोलले नाहीत. थंडी होती, आणि ऊन हळूहळू उतरलं, पण संध्याकाळसारखं पिवळं नाही, राखाडी. सावल्यांच्या कडा धारदार झाल्या. पोपटांचे थवे किल्ल्याकडे परत फिरले. मग एकदम हिऱ्याची अंगठी, आणि काळी तबकडी, भोवती पांढरा प्रभामंडल. मिनिटभरही नाही! शेजारचा चहावाला स्टोव्ह विझवून हात जोडून उभा. मी कॅमेऱ्याचं बटण दाबायचं विसरलो नाही, रोलच संपलेला होता.

सायली_ठाणे
आम्ही दूरदर्शनवर लाइव्ह पाहिलं, पडदे लावून! बाहेर कर्फ्यू लागल्यासारखं. वहिनी गरोदर, तिला तर खिडकीकडे बघूही दिलं नाही. आणि आईने फराळाच्या प्रत्येक डब्यात तुळशीची ओली पानं टाकली.

कोल्हापुरी_काकी
आमच्या सासूबाईंनी पण! सगळ्या चकल्या मऊ. मी परत तळल्या, अगं तेल किती लागलं.

वैद्यबाई
काकी परत तळल्या की तेल पितात. मंद ओव्हनला ठेवायच्या.

कोल्हापुरी_काकी
१९९५ ला ओव्हन कुठला बाई

चिंचपोकळीचा_चंदू
आणि मराठा मंदिरला दिवाळीत लागलेला तो सिनेमा? माझं लग्न जमलं त्या रांगेत. सविस्तर नंतर, बायको वाचते इथे.

चंदूची_बायको
वाचतेय. रांगेत तुम्ही नव्हतात, तुमचा मित्र होता.

फिजिक्सवाला_सर
😂😂 पगडी, तेव्हाचा ग्रहणाचा चष्मा जपून ठेवला असाल तर वापरू नका, फिल्मला चरे पडतात. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास दिसेल, पण ढग आडवे येणार. खग्रास लक्सरला, सहा मिनिटांच्या वर.

पुणेरी_पगडी
सहा मिनिटं!! कोण कोण येतंय इजिप्तला? दिवाळी पण नाही मध्ये.

कोल्हापुरी_काकी
मी येते. फराळ माझ्याकडे, तुळस कुणी आणू नका.