मदत हवी आहे: दुर्बिणीच्या माउंटचा घरगुती कंट्रोलर, आरए मोटार अडतेय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. जुन्या ईक्यू५ माउंटला (दुर्बिणीचा फिरता आधार) ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), दोन नेमा १७ स्टेपर (ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेप्सनी फिरणाऱ्या मोटारी) आणि टीएमसी२२०९ ड्रायव्हर (मोटार चालवणारी चिप) लावून ऑनस्टेप (दुर्बीण फिरवणारं सॉफ्टवेअर) चालवतोय. एक मोटार आरए अक्षाची, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याबरोबर दुर्बीण वळवणारी; दुसरी डेकची, म्हणजे उत्तर-दक्षिण वळवणारी. मोटारीचे ब्रॅकेट उद्यमनगरात करून घेतले, काम एक नंबर झालंय.

आरएच्या एका पूर्ण फेरीचा हिशोब असा: मोटारीच्या २०० स्टेप्स × १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे तुकडे) × बेल्टचे ३ × वर्मचे (स्क्रूसारख्या गिअरचे) १४४ = १३,८२,४०० पल्स. पृथ्वीची एक फेरी ८६,१६४ सेकंदांची, म्हणजे सेकंदाला साधारण १६ पल्स. या गतीला तारा मस्त धरून राहतो. पन्हाळ्यावर तासभर शनी आयपीसमधून हलला नाही, त्या रात्री मला झोप नव्हती!

अडचण येते ती दुर्बीण वेगाने फिरवताना. आरएची मोटार मध्येच घुंऽऽ करते, अडते, स्टेप्स चुकतात आणि मग पुढचा एकही तारा जागेवर सापडत नाही. डेकची मोटार अगदी तशीच, ती मात्र अडत नाही. तोल नीट साधलाय, बेल्टचा ताणही बघितलाय. सप्लाय १२ व्होल्टचा.

२४ व्होल्ट देऊन बघू, ड्रायव्हरचा आवाज न करणारा स्टेल्थचॉप मोड सोडून वेगात जास्त जोर देणारा स्प्रेडसायकल लावू, की आधी आरएचा वर्मच घट्ट बसलाय का ते तपासू? वर्म सैल केला तर बॅकलॅश (गिअरमधला ढिलेपणा) वाढेल ही भीती आहे. कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.