पहिली कादंबरी अर्धवट आणि ऑक्टोबरात जर्मनीला जायचंय

जोत्याचा_दगड:
मी पुण्यात टीवायला आहे, विषय जर्मन. ऑक्टोबरपासून एक सेमिस्टर ट्यूबिंगनला जायचं पक्कं झालंय. आनंद आहेच, पण दीड वर्षापासून मी एक कादंबरी लिहितेय. दोनशे पानी दोन वह्या भरल्या आणि सातव्या प्रकरणाशी गाडी अडलीय.

कादंबरी आजीच्या गावाची आहे. कोयना धरणाच्या शिवसागरात गाव गेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. निघताना जात्याचा फक्त वरचा दगड गाडीत आला, खालचा तिथेच राहिला. वरचा आज आमच्या अंगणात तुळशीपाशी आहे. त्याच्या भोकात पावसाचं पाणी साचतं, चिमण्या येऊन पितात. त्या दगडाकडे बघत बसायचे, त्यातूनच लिहायला लागले.

तिकडे 30 क्रेडिट्स घ्यायची आहेत. नाताळात मैत्रिणींनी प्राग, व्हिएन्ना ठरवलंय. बाबांनी एफडी मोडलीय. खोलीत बसून लिहीत राहिले तर त्यांचा पैसा वाया घालवल्यासारखं वाटेल. फिरत राहिले तर कादंबरी सुटेल. उरलेल्या तीन महिन्यांत कशीही पूर्ण करून टाकू का?

नेकरकाठ:
कशीही नको गं! दीड वर्ष जपलेलं असं उरकू नकोस.

2023 च्या हिवाळ्यात मी ट्यूबिंगनलाच होते. आधी क्रेडिट्सचं बघ. एका क्रेडिटला तिथे साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे 30 क्रेडिट्सचे 900 तास. तुझ्या कॉलेजला नक्की किती लागतात ते विभागप्रमुखांकडून लेखी घे. मला 20 पुरली.

तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतात. लांबचं फिरणं मार्चात ठेव, तेव्हा सुट्टीच असते. रविवारी दुकानं बंद, डिसेंबरात साडेचारला अंधार. पहिले दोन रविवार मी रडून काढले. तिसऱ्या रविवारी कुकर लावला, शिट्ट्या होईपर्यंत लिहिलं, आणि मग तो माझा लिहायचाच वार झाला. प्रादेशिक गाड्यांचं महिन्याचं तिकीट (तेव्हा 49 युरो, आता महागलंय) वेगवान गाड्यांना चालत नाही. त्या थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांत माझी कितीतरी पानं झाली. आणि जर्मन लेखक हेरमान हेसे 1895 ते 1899 त्याच गावात पुस्तकांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर दुकान, लिहिणं रात्री. ते दुकान बघून ये.

जुना_कंपोझिटर:
बाळ, वह्या बरोबर ने, पण त्याआधी आजींचा आवाज रेकॉर्ड करून घे. माझे वडील कोयनानगरला नोकरीला होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, ते सगळं त्यांनी मला वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. जमिनीतून आलेल्या आवाजाला ते एक खास शब्द वापरायचे. वडील गेले आणि तो शब्द मला काही केल्या आठवत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांचे शब्द जुळवले, घरातला एक टिपून ठेवला नाही.

हिवाळ्यात तिकडचे दुपारचे तीन म्हणजे इकडचे साडेसात. जेवणाआधी आजींना फोन करत जा. एका फोनला एकच प्रश्न विचार, म्हणजे त्या निवांत सांगतील.

जोत्याचा_दगड:
ताई, आज सरांना मेल केला. व्हिएन्ना मार्चात ढकलूया असं मैत्रिणींना सांगितलं, एक रुसलीय, पण ठीक आहे.

काका, तुमचं वाचून गावी फोन लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. खालचा दगड का नाही आणला, हे मी आजीला आजवर कधी विचारलंच नव्हतं. माझ्या सहा प्रकरणांत तो जड होता म्हणून राहिलाय.

आजी म्हणाली, "जड कसला! गाडीत वासरू होतं. चार दिवसांचं. त्याला चालवत कसं नेणार?"

सातवं प्रकरण आज रात्री सुरू करतेय.