'बेसा' या अल्बेनियन शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

अल्बेनियाबद्दल वाचताना 'बेसा' हा शब्द सारखा समोर येतोय आणि अर्थ सगळीकडे 'वचन' एवढाच दिलेला असतो. पण दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लोकांनी ज्यूंना घरात लपवलं ते बेसामुळे, आणि एखादा खुनी महिनाभर उघड फिरू शकायचा तेही बेसामुळे! मग नुसतं वचन कसं म्हणायचं? कुठला शब्द चालेल?

— वचन म्हटलं की अर्धा अर्थ सांडतो. साध्या प्रॉमिसला त्यांच्याकडे 'प्रेम्तिम' असा वेगळा शब्द आहे. बेसामध्ये शब्द देणं, विश्वास आणि संरक्षण हे तिन्ही एकत्र आहे. त्याच धातूपासून 'बेसोय' म्हणजे मी विश्वास ठेवतो, 'बेस्निक' म्हणजे इमानी (हे मुलाचं नावही ठेवतात), आणि 'पाबेस' म्हणजे दगाबाज, ही तिथली फार जिव्हारी लागणारी शिवी. १४४४ साली स्कंदरबेग या अल्बेनियन वीराने लेझ गावात सरदारांची तुर्कांविरुद्ध एकजूट केली तिलासुद्धा 'बेसलिध्या' म्हणतात, म्हणजे बेसाची गाठ.

— बेलभंडार उचलणं जवळचं वाटतं का?

— बेलभंडार ही शपथ झाली, त्यात समोरच्याला अभय मिळतंच असं नाही. मला 'कौल' सुचतोय. देवळातला कौल नव्हे, जुन्या कागदांमधला, कौलनाम्यातला. रयत गाव सोडून गेली की तिला अभयाचा कौल देऊन परत बोलवायचे, 'तुम्हाला त्रास होणार नाही' असा तो भरवसा असायचा आणि बऱ्याचदा मुदतही असायची. बेसाचं अगदी तसंच आहे. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात 'लेक दुकाजिनी' नावाच्या जुन्या सरदाराच्या नावाने ओळखला जाणारा परंपरागत कानून चालायचा (हो, आपलाच कानून, दोघांकडे अरबीतून फिरत आलेला), त्यात खून झाला की मेलेल्याच्या घरच्यांनी खुन्याला आधी २४ तासांचा बेसा द्यायचा, आणि त्या मुदतीत खुन्याने मयताला आणि जेवणालाही जायचं, मग गाव मध्ये पडून ३० दिवसांचा मागून घेणार. मुदत संपेपर्यंत त्याच्या केसाला धक्का लागता कामा नये. वैर संपत नाही, थांबतं फक्त. हे 'वचन'मध्ये कुठे बसणार?

आणि ज्यूंचं म्हणाल तर त्याच कानूनमध्ये आहे, अल्बेनियन माणसाचं घर देवाचं आणि पाहुण्याचं. दारात आलेल्याला आत घेतलं की तो तुमच्या बेसात आला, मग तो कुठल्या धर्माचा हे विचारायचं नाही. १९४३ मध्ये जर्मन घुसल्यावर मुसलमान आणि ख्रिश्चन दोन्ही घरांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवलं आणि युद्ध संपलं तेव्हा तिथे ज्यू आधीपेक्षा जास्त होते. मला तरी हे वाचून भरून आलं होतं.

— कौल पटला! पण कोन्स्तान्दिनच्या लोकगीतात काय करायचं? बहिणीला लांब देशी देतात तेव्हा तो आईला बेसा देतो की तू म्हणशील तेव्हा तिला माहेरी आणीन, मग लढाईत मरतो आणि थडग्यातून उठून तिला घेऊन येतो. 'आईला कौल दिला' कानाला खटकतंय.

— तिथे सरळ 'शब्द' घ्या, 'आईला शब्द दिला होता'. एकच मराठी शब्द सगळीकडे बसवायचा हट्ट नको. खुनाच्या आणि आसऱ्याच्या संदर्भात कौल, आईजवळ शब्द, आणि पहिल्यांदा येईल तिथे मूळ 'बेसा' तसाच ठेवून पुढे दोन ओळीत समजावलं तर उत्तम.