पैसे देऊन एडिटर लावला, आता त्यांचं सगळंच ऐकायचं का?

दुधनाकाठ (परभणी):
नमस्कार मंडळी. पहिली कादंबरी स्वतःच काढायलोय, प्रकाशकांच्या उत्तराची वाट बघून बघून कंटाळलो. सगळे म्हणले एडिटर लावच, म्हणून पुण्याच्या एका मॅडमला फाईल दिली, निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स. परवा फाईल परत आली, उघडून बघतो तर ट्रॅक चेंजेसनं सगळी लालच लाल. काही गोष्टी लई भारी पकडल्यात, नायकाचा पुतण्या पुढच्या प्रकरणात वयानं लहान होतो हे माझ्या बापजन्मात दिसलं नसतं. पण माझी आत्या म्हणते, "काहून आलास रे एवढ्या उन्हाचं, पाणी तं पी", त्याचं त्यांनी केलं, "एवढ्या उन्हात का आलास? आधी पाणी पी." असं पुस्तकभर. वरून मोंढ्यातलं (धान्याच्या बाजारातलं) हर्राशीचं, म्हणजे लिलावाचं, अख्खं प्रकरण काढा म्हणतात, गोष्ट थांबते म्हणून. नाही म्हणावं तर पैसे कशाला दिले, आणि हो म्हणावं तर आत्याच गेली माझी. काय करू?

खिळेजुळारी (छ. संभाजीनगर):
भाऊ, लाल रंग बघून घाबरू नका, ट्रॅक चेंजेस असतंच त्यासाठी की एकेक बदल घ्यायचा का टाकायचा हे तुम्ही ठरवावं. पुस्तक तुमचं, कॉपीराइट तुमचा. आधी बघा तुमचं ठरलं काय होतं. संपादन वेगळं, भाषा साफ करणं वेगळं आणि मुद्रितशोधन (प्रूफ वाचणं) वेगळं, आपल्याकडं सगळ्यालाच "जरा तपासून द्या" म्हणतात आणि मग भांडणं होतात. आत्याच्या बोलण्याला हात लावायचा नाही हे फाईल देतानाच सांगायला पाहिजे होतं, पण अजून वेळ गेली नाही. एक पानभर यादी करा: कोणतं पात्र कसं बोलतं, काहून, तं, करायलोय, जे काय असंल ते. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, एवढं एक वाक्य वर लिहा. चांगला एडिटर अशी यादी स्वतःच मागतो खरं तर.
आणि एडिटर फुकटचे पैसे घेत नाही हो. माझ्यासमोर आलेल्या एका हस्तलिखितात 72 च्या दुष्काळात माणसं "हिंगोली जिल्ह्यात" खडी फोडायला जात होती. हिंगोली जिल्हा झाला 1999 ला, तवा ते सगळं परभणीतच होतं. दुसऱ्या एकात निजामाच्या राज्यात खेड्यातला म्हातारा सगळा व्यवहार कलदार (इंग्रजांच्या) रुपयात करायलाय, हाली सिक्क्याचं, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनाचं, नावच नाही. असलं छापून गेलं की आपल्याच गावातला एखादा रिटायर गुरुजी बरोबर बोट ठेवतो.

मांजराकाठची (लातूर):
दादा, मी दोन पुस्तकं स्वतः काढलीत म्हणून बोलते. मोंढ्याचं प्रकरण काढू नको असं इथं सगळेच म्हणतील, कारण आपल्याला मोंढा माहितीय, हमाल, अडत, मापाडी सगळं डोळ्यासमोर येतं. ज्याला माहीत नाही त्याला तिथं काय मिळतं हे बघ. एडिटर "काढा" म्हणतो तेव्हा उपाय चुकू शकतो, पण तिथं काहीतरी दुखतंय हे बहुतेक वेळा खरं असतं. माझ्या एडिटरनं लग्नाचं प्रकरण काढायला सांगितलं होतं, मी काढलं नाही, फक्त जमिनीच्या वाटणीच्या आधी आणलं आणि ते बसलं. मॅडमला फोन कर, नेमकं कोणत्या पानावर वाचायचा कंटाळा आला तेवढं विचार. वाद नको घालू, नुसतं ऐक.
बोलीच्या बाबतीत मात्र अजिबात मागं हटू नको. आत्या अशी पुस्तकी बोलली तर मी तरी पुस्तक विकत घेणार नाही 😄

डीटीपीवाला (नांदेड):
वरचं सगळं बरोबर, माझं एकच. तुमचा डीटीपीवाला (पानं लावणारा) जुन्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टात, काम करत असंल तर युनिकोडची फाईल कन्व्हर्ट होताना जोडाक्षरं फुटतात, "करणाऱ्या"तला ऱ्या हमखास बिघडतो. त्यामुळं शेवटचं प्रूफ वर्डमध्ये नाही, पानं लागल्यावर पीडीएफवर वाचायचं, ते पण कागदावर काढून. एडिटरनं केलेलं सगळं काम इथं मातीत जाताना बघितलंय. आणि आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी) कुणी पैसे मागितले तर देऊ नका, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकाला स्वतःच्या नावावर फुकट मिळतो, ऑनलाईन अर्ज असतो.

दुधनाकाठ (परभणी):
खूप आभार सगळ्यांचे. ताई, फोन केला आत्ताच. म्हणल्या हर्राशीची पहिली तीन पानं नुसती माहिती आहे, नायक चौथ्या पानावर येतो, तिथून पुढं त्यांना आवडलंय. हे मार्जिनमध्ये लिहिलं असतं तर माझी रात्रीची झोप वाचली असती ना! आत्याची यादी मागितली त्यांनी, आईला शेजारी बसवून करायलोय. खिळेजुळारी सर, कादंबरीत रझाकाराच्या काळातली दोन प्रकरणं आहेत, तेवढी फक्त तारखा आणि पैशासाठी तुम्ही वाचताल का? जे काय असंल ते पैसे सांगा, मेसेज करतो.