निवेदन पंचनामा आणि जप्ती: एवढ्यावर जन्मठेप टिकावी का?

कोर्टपायरी: पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढी माहिती ग्राह्य. पंचांसमोर लिहून घेतलेलं ते सांगणं म्हणजे निवेदन पंचनामा. आधी हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७ होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद. प्रत्यक्षदर्शी नसला की खटल्याचा सगळा भार या पंचनाम्यावर येतो, आणि पंच बरेचदा ठाण्याच्या ओळखीतलेच. निव्वळ एवढ्यावर कोणालाही जन्मठेप होऊ नये.

मुद्देमाल: असहमत. १९४७ च्या कोट्टाया खटल्यातल्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने मर्यादा आखून दिली आहे. 'घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो' एवढंच वाचायचं, 'त्याने मी भोसकलं' हे वगळायचं. सुरा कुठे आहे हे आरोपीला ठाऊक होतं, ही बाब क्षुल्लक नाही. शिवाय फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १०५ मुळे जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय. पंच फितूर झाला तरी चित्रफीत राहते.

कोर्टपायरी: कलम १०५ पुन्हा वाचा. त्यात झडती, जप्ती, यादी आणि यादीवरच्या सह्या आहेत. निवेदन घेण्याचा उल्लेख नाही. मोबाईलवरचं चित्रीकरण हत्यार लपवलेल्या शेतात पोचल्यावरच सुरू झालं, तर हत्याराची जागा पोलिसांना आधीच माहीत होती का, हे कसं कळणार? माहीत असेल तर तो शोधच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक निकालात क्रम दिला आहे: आधी दोन स्वतंत्र पंच ठाण्यात बोलवा, त्यांच्यासमोर आरोपीचे शब्द जसेच्या तसे उतरवा, मगच निघा. आरोपी भोजपुरी बोलणारा आणि निवेदन साचेबंद मराठीत असेल, तर कोट्टायाची कात्री चालवायची कोणत्या शब्दांवर?

तालुका बार: सीलबद्दल कोणीच बोलत नाही. जागेवरच लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, मुद्देमाल नोंदवहीत नोंद, मग प्रयोगशाळा. यातला एक दुवा निसटला की पुढचा अहवाल संशयात. आणि 'मानवी रक्त, गट अनिर्णित' असा अहवाल आला, तर सुरा मृताशी जोडला जातच नाही. तिथे डीएनए तपासणी मागितलीच पाहिजे.

मुद्देमाल: सीलचं मान्य. पण गट ठरला नाही म्हणून जप्तीच बाद, हे पटत नाही. मृताचा दागिना आरोपीने दाखवलेल्या जागी पुरलेला निघाला, तर रक्तगट हवाच कशाला?

कोर्टपायरी: दागिन्याचं वजन जास्त, हे खरं. पण तो तसल्याच चार-पाच दागिन्यांत मिसळून नातेवाइकांकडून ओळखून घेतला का, की ठाण्यात एकटाच समोर ठेवून 'हाच ना?' विचारलं? साध्या दोन वाट्यांचं मंगळसूत्र घरोघरी सापडेल.